स्ट्रोक आला तर काय करायचं, आणि येऊ नये म्हणून काय करायचं

माझ्या मामाच्या हातातून पाण्याचा पेला पडला तेव्हा सगळ्यांना वाटलं, हात निसटला असेल. तो उचलायला वाकला, पण उजवा हात हवा तिथे जाईना. मामी काहीतरी विचारत होती आणि त्याचं उत्तर जड जिभेने, अर्धवट येत होतं. दहा-बारा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. झोप झाली नसेल, अशक्तपणा आला असेल, असं म्हणून विषय तिथेच संपला. तिसऱ्या दिवशी पहाटे त्याला पलंगावरून उठताच येईना.

त्या दहा मिनिटांनी काय सांगितलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. तुमच्या घरात ते आधी कळावं म्हणून हा लेख लिहिते आहे. २५ वर्षांवरच्या साधारण चौघांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी स्ट्रोक येतो, असा जागतिक अंदाज आहे. म्हणजे तुमच्या ओळखीतलं जवळपास प्रत्येक घर यात येतं.

आत नेमकं काय होतं

पक्षाघात, अर्धांगवायू, लकवा ही सगळी नावं हात-पाय लुळे पडण्यावरून आली आहेत. त्यामुळे बिघाड हातात किंवा पायात झाला आहे असं वाटतं आणि घरचे हात चोळत बसतात. बिघाड मेंदूत असतो. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो, आणि साठा जवळजवळ काहीच ठेवत नाही. रक्त थांबलं की काही मिनिटांत पेशी मरायला लागतात.

रक्त दोन प्रकारे थांबतं. बहुतेक वेळा एखाद्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते. ती तिथेच तयार झालेली असते, किंवा हृदयातून वा मानेतल्या मोठ्या धमनीतून वाहत आलेली असते. दुसरा प्रकार म्हणजे रक्तवाहिनी फुटून मेंदूत किंवा मेंदूभोवती रक्तस्राव होणं. हा प्रकार कमी लोकांना होतो, पण जास्त जीवघेणा असतो. बाहेरून पाहून हे दोन वेगळे ओळखता येत नाहीत. मुरलेल्या डॉक्टरलाही त्यासाठी स्कॅन लागतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावर बरंच अवलंबून आहे.

गुठळीमुळे झालेल्या स्ट्रोकमध्ये सगळा भाग एकदम मरत नाही. मधला गाभा लवकर जातो. त्याच्या भोवतीच्या पेशींना आजूबाजूच्या वाहिन्यांतून थोडंफार रक्त मिळत राहतं. त्या काम करत नाहीत, पण जिवंत असतात. सगळी धावपळ या भोवतालच्या भागासाठी असते. मोठी वाहिनी बंद पडली आणि उपचार झाले नाहीत, तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख न्यूरॉन नष्ट होतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला. तासभर 'बघू या' म्हणण्याचा अर्थ काय होतो, तो यावरून काढा.

ओळखायचं कसं

तीन गोष्टी तपासा: चेहरा, हात, बोलणं.

माणसाला हसायला किंवा दात दाखवायला सांगा. तोंडाची एक बाजू खाली ओघळते का? डोळे मिटून दोन्ही हात समोर सरळ धरायला सांगा आणि मनात दहापर्यंत मोजा. एक हात खाली यायला लागतो का? एखादं साधं वाक्य म्हणायला सांगा. शब्द जड येतात का, चुकीचे येतात का, की शब्दच सापडत नाहीत? काही जण भराभरा बोलतात, पण त्या बोलण्याला अर्थ नसतो. घरच्यांना वाटतं भ्रम झाला, आणि ते भलत्याच दिशेने विचार करू लागतात. यांपैकी एक जरी गोष्ट अचानक दिसली, तरी स्ट्रोकच आहे असं धरून चाला.

आणखी दोन लक्षणं बरेचदा सुटतात. एकाएकी तोल जाणं, दारू प्यायल्यासारखं झोकांड्या खात चालणं हे एक. डोळ्यांचं दुसरं: एका डोळ्याने दिसेनासं होणं, एका बाजूचं अर्धं दृश्य नाहीसं होणं, किंवा एकाच्या जागी दोन दिसणं. आणि आयुष्यात कधी झाली नव्हती अशी, क्षणात शिगेला पोचणारी डोकेदुखी मेंदूभोवतीच्या रक्तस्रावाची असू शकते.

या सगळ्यात 'अचानक' हा शब्द महत्त्वाचा. महिनोन्महिने हळूहळू वाढलेला अशक्तपणा वेगळा.

स्ट्रोकमध्ये उशीर का होतो याचं एक मोठं कारण मला असं वाटतं, की तो बहुधा दुखत नाही. छातीत कळ आली की माणूस घाबरतो, धावपळ करतो. हात बधिर झाला की 'पडून राहतो थोडा वेळ' म्हणतो. त्यातही मेंदूच्या उजव्या भागात स्ट्रोक आला, तर डावा हात हलत नाही हे काही रुग्णांना स्वतःला कळतच नाही. ते शांतपणे सांगतात, 'मला काही झालेलं नाही.' अशा वेळी त्यांच्या सांगण्यावर जाऊ नका. तुमच्या डोळ्यांना दिसतं आहे ते खरं.

चेहऱ्याच्या नसेच्या साध्या लकव्यातही तोंड वाकडं होतं. त्यात बहुधा त्या बाजूचं कपाळही हलत नाही, तर स्ट्रोकमध्ये कपाळावर आठ्या पाडता येतात. पण हा फरक डॉक्टरांनी करायचा. घरी आठ्या मोजत बसून मिनिटं घालवू नका.

पहिल्या मिनिटांत काय करायचं

१. घड्याळ बघा. रुग्ण शेवटचा पूर्ण बरा कधी होता, ती वेळ लिहून ठेवा. लक्षण तुमच्या नजरेस पडलं ती वेळ वेगळी. रात्री दहाला ठीक झोपलेला माणूस सकाळी सहाला लुळा उठला, तर वेळ रात्री दहाची धरतात. म्हणून सगळं संपलं असं समजू नका. विशेष स्कॅन करून अशा काही रुग्णांनाही उपचार देता येतात.

२. रुग्णवाहिका बोलवा आणि फोनवर 'स्ट्रोकची शंका आहे' हे शब्द स्पष्ट वापरा. 'चक्कर आली', 'बरं वाटत नाही' असं मोघम बोललात तर तिकडून तेवढीच घाई होईल.

३. जिथे चोवीस तास सीटी स्कॅन आणि गुठळी विरघळवण्याची सोय आहे, अशाच रुग्णालयात जा. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात आधी दाखवून मग पुढे जाण्यात किमती तास जातो. रुग्णाला स्वतः गाडी चालवू देऊ नका.

४. तोंडाने काहीही देऊ नका. पाणी नाही, साखर नाही, गोळी नाही. स्ट्रोकमध्ये गिळण्याची क्रिया बिघडते आणि घोट फुप्फुसात जाऊ शकतो.

५. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवा. श्वास थांबला तर फोनवरच्या माणसाच्या सूचनेप्रमाणे छाती दाबायला लागा.

६. चालू औषधांची यादी किंवा सरळ गोळ्यांची पिशवीच सोबत घ्या. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर शेवटची गोळी कधी घेतली ते सांगा. उपचाराचा निर्णय त्यावर फिरू शकतो.

दोन चुका चांगल्या हेतूने होतात. पहिली, ॲस्पिरिन देणं. हृदयविकाराच्या झटक्यात ती देतात हे लोकांनी ऐकलेलं असतं. इथे मात्र आत गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कळत नाही, आणि रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिनने तो वाढू शकतो. दुसरी चूक, वाढलेला रक्तदाब पाहून घरीच बीपीची जादा गोळी देणं. गाभ्याभोवतीच्या ज्या पेशी तग धरून असतात, त्यांच्यापर्यंत रक्त त्या दाबावरच पोचत असतं. तो किती आणि कधी उतरवायचा, हे रुग्णालयात ठरतं.

मधुमेही रुग्णाची साखर फार खाली गेली तरी हुबेहूब अशीच लक्षणं दिसतात. यंत्र हाताशी असेल तर रुग्णवाहिकेची वाट पाहताना साखर तपासा आणि आकडा सांगा. यंत्र शोधण्यात मात्र वेळ दवडू नका.

रुग्णालयात काय चालतं

हे आधी माहीत असेल तर संमतीच्या कागदावर सही करायला घरचे अडखळत नाहीत. सगळ्यात आधी सीटी स्कॅन होतो. रक्तस्राव नसेल आणि लक्षणं सुरू होऊन साडेचार तासांच्या आत रुग्ण पोचला असेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं. १९९५ साली एका मोठ्या चाचणीत ते तीन तासांपर्यंत उपयोगी ठरलं, २००८ साली ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. पण 'साडेचार तास आहेत' असा याचा अर्थ घेऊ नका. पहिल्या तासात दिलेलं इंजेक्शन आणि चौथ्या तासात दिलेलं इंजेक्शन यांच्या परिणामात फार फरक पडतो. थोड्या रुग्णांमध्ये या औषधाने मेंदूत रक्तस्राव होतो. डॉक्टर तो धोका सांगतात तेव्हा घाबरून 'थोडं थांबू' म्हणावंसं वाटतं. थांबण्यालाही धोका आहे आणि तो दर मिनिटाला वाढतो.

मोठी धमनी बंद असेल तर मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढता येते. २०१५ साली एकामागून एक पाच चाचण्यांनी हा उपचार प्रभावी असल्याचं दाखवलं. २०१८ सालच्या दोन चाचण्यांनंतर निवडक रुग्णांमध्ये ही मुदत २४ तासांपर्यंत गेली. तेव्हा उशीर झाला असला तरी जायचंच.

दहा मिनिटांत बरं झालं, तरीही

मामाला पहिल्या दिवशी जे झालं त्याला टीआयए म्हणतात. गुठळी क्षणभर अडकते आणि आपोआप सुटते. लक्षणं जातात, आणि माणसांना हायसं वाटतं. मोठा स्ट्रोक येण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो तो त्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत.

याची दुसरी बाजू मात्र फार आशेची आहे. ऑक्सफर्डमध्ये झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, टीआयए किंवा सौम्य स्ट्रोकच्या रुग्णांना तातडीने तपासून लगेच औषधं सुरू केली, तेव्हा पुढच्या ९० दिवसांत पुन्हा स्ट्रोक येण्याचं प्रमाण सुमारे १० टक्क्यांवरून सुमारे २ टक्क्यांवर आलं. औषधं नवी नव्हती, फक्त लवकर दिली होती. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढचं पान उलटवलं नाही.

म्हणून लक्षणं गेली तरी त्याच दिवशी रुग्णालयात जा. मेंदूचा स्कॅन, मानेतल्या धमन्यांची तपासणी, ईसीजी, साखर, कोलेस्टेरॉल हे सगळं होईल. मानेतली धमनी फार अरुंद झालेली आढळली तर ती मोकळी करण्याची शस्त्रक्रिया पहिल्या दोन आठवड्यांत केल्यास जास्त फायदा होतो.

धोका कमी करायचा तर सुरुवात कुठून

३२ देशांत झालेल्या इंटरस्ट्रोक या अभ्यासात असं दिसलं की सुमारे ९० टक्के स्ट्रोकचा संबंध बदलता येण्याजोग्या दहा घटकांशी जोडता येतो. त्या दहांत सगळ्यात वरचा घटक उच्च रक्तदाब. तुम्हाला एकच गोष्ट करायची उमेद असेल तर रक्तदाब हाती घ्या. बाकीचं मागाहून.

रक्तदाब जाणवत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, वर्षानुवर्षं काहीच होत नाही. आत मात्र मेंदूच्या बारीक धमन्यांच्या भिंती जाड आणि ठिसूळ होत जातात. म्हणून तो मोजावा लागतो, आणि नीट मोजावा लागतो. घाईघाईत घेतलेला आकडा फसवतो.

दंडाला पट्टा बांधायचं स्वयंचलित यंत्र घ्या आणि पट्टा तुमच्या दंडाच्या मापाचा असू द्या. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं गप्प बसा. हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या पातळीत, कपड्यावरून न बांधता उघड्या दंडावर. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. सकाळी आणि संध्याकाळी, असं सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टरांकडे जा आणि वही सोबत न्या. मधुमेह, किडनीचा विकार किंवा आधी स्ट्रोक झालेला असेल तर डॉक्टर यापेक्षा खालचं लक्ष्य देतील.

वरचा आकडा १० ने उतरवला तर स्ट्रोकचा धोका साधारण एक चतुर्थांशाने कमी होतो, असं मोठ्या चाचण्यांच्या एकत्रित आकडेवारीतून दिसतं. एका गोळीने, कधी दोन गोळ्यांनी, एवढं साधतं.

आणि मग लोक गोळी बंद करतात. 'आता बीपी नॉर्मल आहे, कशाला घ्यायची?' मामानेही हेच केलं होतं. बीपी नॉर्मल आहे ते गोळीमुळे. गोळी थांबली की दाब पुन्हा चढतो आणि चढल्याचं कळतही नाही. पाय सुजणं, कोरडा खोकला, उठताना अंधारी येणं असा काही त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घ्या, पर्याय बरेच आहेत. स्वतःच्या मनाने सोडू मात्र नका.

मिठाबद्दल थोडं. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभराहून कमी. त्यात स्वयंपाकातलं, वरून घेतलेलं आणि पाकीटबंद पदार्थांतलं सगळं धरायचं. पाकिटावर सोडियम लिहिलेलं असेल तर त्याला अडीचने गुणा, म्हणजे मीठ किती ते कळेल. चीनच्या ग्रामीण भागात झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत नेहमीच्या मिठाऐवजी पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ दिलं, तर स्ट्रोक सुमारे १४ टक्क्यांनी कमी झाले. पण किडनीचा विकार असलेल्यांनी, किंवा पोटॅशियम वाढवणारी औषधं घेणाऱ्यांनी, असं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

नाडीवर बोट ठेवा

एट्रियल फिब्रिलेशन हे नाव अवघड आहे, पण त्यात होतं ते साधं आहे. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता थरथरत राहतात. रक्त तिथल्या कोपऱ्यात साचतं, गुठळी होते आणि सुटून मेंदूत जाते. यात स्ट्रोकचा धोका साधारण पाचपट होतो आणि असे स्ट्रोक मोठे असतात. वयाबरोबर हा विकार वाढतो, आणि काही जणांना काहीच जाणवत नाही.

साठी ओलांडलेल्या प्रत्येकाने अधूनमधून नाडी बघावी. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर दोन बोटं ठेवा आणि पूर्ण मिनिटभर मोजा. ताल सारखा आहे का, एवढंच बघायचं आहे. ठोके कसेही, कुठलीच लय नसल्यासारखे पडत असतील तर ईसीजी काढून घ्या. निदान झालं तर रक्त गोठू न देणारी औषधं हा धोका साधारण दोन तृतीयांशाने कमी करतात. ॲस्पिरिन त्यांची जागा घेऊ शकत नाही. 'म्हातारपणी पडले तर रक्तस्राव होईल' या भीतीने ही औषधं टाळली जातात. भीती खोटी नाही, पण बहुतेक रुग्णांच्या बाबतीत स्ट्रोकचा धोका तिच्यापेक्षा मोठा असतो. डॉक्टरांसोबत बसून दोन्ही तोला.

बाकीचं, थोडक्यात

सिगारेट, बिडी पूर्ण बंद. कमी करण्याने फारसं साधत नाही. सोडल्यावर धोका लवकर उतरू लागतो. घरात दुसरा कोणी ओढत असेल तर त्याच्या धुराचाही त्रास तुम्हाला होतो. दारू जितकी कमी तितकं बरं. आठवड्याला किमान १५० मिनिटं अशा वेगाने चाला की बोलता येईल, पण गाता येणार नाही. मधुमेह आटोक्यात ठेवा आणि त्यासोबत रक्तदाबही, कारण मधुमेहात दोन्ही एकत्र वाढले की धमन्यांचं नुकसान झपाट्याने होतं. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन सुचवलं असेल तर ऐकीव गोष्टींवरून ते बंद करू नका. रात्री मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं, दिवसा पेंगणं असं असेल तर झोपेची तपासणी करून घ्या. त्यातही रक्तदाब वाढलेला राहतो.

ज्यांना कधी स्ट्रोक किंवा हृदयविकार झालेला नाही, त्यांनी 'खबरदारी म्हणून' रोज ॲस्पिरिन घेऊ नये. बहुतेकांना तिच्या फायद्याइतकाच रक्तस्रावाचा धोका असतो.

तरुणांसाठी वेगळं सांगायला हवं. मानेला झटका बसून किंवा मान जोराने मोडून घेतल्याने धमनीचं आतलं अस्तर फाटू शकतं आणि तिथे गुठळी होते. ज्या स्त्रियांना मायग्रेनच्या आधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या नागमोडी रेषा दिसतात, त्यांनी गर्भनिरोधक गोळ्या सुरू करण्यापूर्वी हे डॉक्टरांना सांगायलाच हवं. त्यात धूम्रपान असेल तर जास्तच. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत तीव्र डोकेदुखी किंवा वाढलेला रक्तदाब कधीही अंगावर काढू नये.

स्ट्रोक येऊन गेला असेल तर

एकदा आला की दुसरा येण्याचा धोका वाढतो, म्हणून वर सांगितलेलं सगळं आता दुप्पट निष्ठेने. व्यायामोपचार आणि वाचोपचार जितके नियमित तितका मेंदू नव्या वाटा शोधतो. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा जास्त वेगाने होते, पण नंतर ती थांबतेच असं नाही. साधारण तिघांपैकी एकाला पुढे नैराश्य येतं. त्याला आळस किंवा हट्ट समजू नका, त्यावर उपचार आहेत. ज्याला बोलता येत नाही, त्याला समजतच नाही असंही धरू नका. मामाच्या उशाशी बसून आम्ही त्याच्याविषयी तो तिथे नसल्यासारखं बोलायचो, आणि तो सगळं ऐकत होता. हो-नाहीत उत्तर देता येतील असे प्रश्न विचारा, आणि उत्तराला वेळ द्या.

आज संध्याकाळी करायचं काम

एक कागद घ्या. जवळच्या मोठ्या रुग्णालयांना फोन करून विचारा: रात्रीही सीटी स्कॅन होतो का? गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन मिळतं का? नळीने गुठळी काढण्याची सोय आहे का? तिन्हींना 'हो' म्हणणाऱ्या रुग्णालयाचं नाव, रुग्णवाहिकेचा क्रमांक, घरातल्या प्रत्येकाची औषधं, मात्रा आणि ॲलर्जी त्या कागदावर लिहा. त्याखाली चेहरा, हात, बोलणं हे तीन शब्द मोठ्या अक्षरांत. कागद लहान मुलांनाही दिसेल अशा उंचीवर लावा, कारण कधीकधी घरात तेवढीच असतात. मामाच्या घरी तो दाराच्या आतल्या बाजूला आहे. गोळी बदलली की मामी पेन्सिलने जुनी खोडते आणि नवी लिहिते.